द्वारकाबाईंचे पाच व्होल्ट

द्वारकाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका ट्रान्सफॉर्मरवर तळहात ठेवून, डोळे मिटून उभ्या होत्या. पनवेल गावातलं व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवणारं एक छोटं वर्कशॉप. सात-आठ बायका ओळीनं बसून तांब्याची तार गुंडाळत होत्या आणि ही एकटी बाई देवापुढे उभी असल्यासारखी. मी घाईत होतो, आणि घाईत असलो की मी फार उद्धट बोलतो, हे माझी बायकोही सांगेल. मालकाला म्हटलं, या बाईंची पूजा आटोपली की मला एक चांगला कारागीर द्या. मालक म्हणाला, त्या हातानं ट्रान्सफॉर्मरचा ताप बघतायत; तुम्हाला हवा तो कारागीर म्हणजे याच.

साल एकोणनव्वद-नव्वदच्या आसपासचं. पनवेलबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत औषधं बनवणाऱ्या एका कंपनीत मी कॉम्प्युटर रूमचा इनचार्ज होतो. इनचार्ज म्हणजे दोन ऑपरेटर, एक एअर कंडिशनर आणि एक म्हातारा कॉम्प्युटर यांचा धनी. हा कॉम्प्युटर मुंबईच्या हेड ऑफिसनं दहा-बारा वर्षं राबवून आमच्याकडे ढकललेला, थोरल्या जावेची जुनी साडी धाकटीच्या अंगावर यावी तसा. लोखंडी कपाटाएवढा उंच. औषधाच्या प्रत्येक बॅचमध्ये काय घातलं, किती तापवलं, कोणी तपासलं, सगळं त्याच्या पोटात. तो बंद पडला की तयार माल गोदामात अडकायचा, आणि वर्क्स मॅनेजर देसाईसाहेब माझ्या टेबलापाशी येऊन काही न बोलता उभे राहायचे. त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिलेल्या बऱ्या, असं मला वाटायचं.

आणि तो सारखा बंद पडायचा. त्याच्या आतल्या नाजूक भागांना बरोब्बर पाच व्होल्ट लागत. बाहेरून येणारी वीज कधी कमी, कधी जास्त. तिला वळण लावून पाचावर टिकवायचं काम रेग्युलेटर बोर्डाचं. कपाटात असे पाच बोर्ड होते. चार इतर कामाचे, आणि हा पाच व्होल्टचा मुख्य बोर्ड महिन्यातून दोनदा मान टाकायचा. मुंबईहून टाय लावलेला एक इंजिनियर येई, बोर्ड बदली, चहा पिई आणि जाई. तिसऱ्या खेपेला त्यानं सांगितलं की या मॉडेलचे बोर्ड आता मिळत नाहीत, मशीन भंगारात काढा. म्हणून मी त्या वर्कशॉपात आलो होतो.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. पस्तिशीच्या, काटक, सावळ्या, पदर कमरेला खोचलेला. उरणच्या रस्त्यावर खाडीला लागून त्यांचं गाव, घराणं मिठागरवाल्यांचं. चपला बाहेर काढल्या, हात धुऊन कोरडे केले आणि मुंबईच्या माणसानं काय काय केलं ते विचारलं. म्हटलं, बोर्ड बदलला. बोर्ड ज्या खाचेत बसतो ती कोणी बघितली का, हा त्यांचा दुसरा प्रश्न. ती कोणीच बघितली नव्हती. बाईंनी मेन स्विच पाडला, प्लग काढला, चांगली दहा मिनिटं थांबल्या, मीटर लावून आत काही उरलं नाही याची खात्री केली. मग कपाटात डोकं घातलं आणि त्या खाचेच्या सोनेरी दातांना सरळ जीभ लावली.

मी बोंबललोच. ऑपरेटर पोरी खुर्चीतून उठल्या. बाई शांतपणे बाहेर आल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मीठ हाय."

त्यांचे वडील मिठागरात पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून सांगायचे म्हणे, की या वाफ्यात मीठ आज धरेल की परवा. तेच शिक्षण यांच्या जिभेला. खाडीवरची हवा एअर कंडिशनरच्या फटीतून वर्षानुवर्षं आत येत होती आणि त्या दातांवर न दिसणारा खारा थर बसत होता. त्यातल्या एका दातावरून एक बारीक तार बोर्डाकडे परत जायची. पलीकडे किती व्होल्ट पोचले, एवढंच ती बोर्डाला कळवायची. मी बी.एस्सी. झालेला माणूस, पण मला ते बाईंनी समजावलं. मिठागरात एकजण उघाडीवर उभा राहून खाडीचं पाणी आत सोडतो, दुसरा लांबच्या वाफ्यावरून ओरडून सांगतो की पाणी आलं, बस. त्या ओरडणाऱ्याचा आवाज पोचला नाही तर उघाडीवरचा पाणी सोडतच राहणार. तसं आमचा बोर्ड पाचाचे साडेपाच, सहा करत होता आणि स्वतःच जळत होता. नवा बोर्ड आणला तरी तोही जळणार, कारण खोट बोर्डात नव्हतीच.

शाळेतल्या मुलांचं असतं तसं एक खोडरबर घेऊन बाईंनी ते दात तासभर घासले, स्पिरिटनं पुसले. जळलेले दोन बोर्ड घरी नेऊन त्यांतला एक जिवंत करून आणला. मशीन पुढचे दोन महिने एकदाही थांबलं नाही. मी मात्र भिंतीवर एक सूचना लावली, की कंपनीच्या कुठल्याही यंत्राला कोणीही जीभ लावू नये. ती वाचून बाई पहिल्यांदा माझ्यासमोर हसल्या.

देसाईसाहेबांनी त्यांना ठेवून घेतलं, पण रोजंदारीवर, हेल्पर म्हणून. टेक्निशियनच्या जागेला डिप्लोमा लागायचा आणि बाई सातवी पास. मी त्यांना समजावत होतो, की हेल्पर तर हेल्पर, पाय तर आत पडला. तेव्हा त्यांनी एकच गोष्ट सांगितली. मिठागर सरकारी कामात गेलं तेव्हा घरातल्या दोघा भावांच्या नावानं नोकरीचे कागद आले. मिठागरात भावांच्या बरोबरीनं राबलेल्या बहिणीच्या नावानं काही आलं नाही. पुढे चौदा वर्षं वर्कशॉपात बंद पडलेलं सगळं यांनी चालू केलं, पण रजिस्टरात शेवटपर्यंत 'तार गुंडाळणारी' असंच होतं. बाई म्हणाल्या, "सायेब, मला मोठेपना नको. मी जे करते, तेच कागदावर पायजे."

हे मी देसाईसाहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, फेब्रुवारीत औषध खात्याची मोठी तपासणी आहे. सगळे बोर्ड सुधारून घ्या. तोपर्यंत बोर्डाच्या दोषानं मशीन एकदाही थांबलं नाही, तर टेक्निशियनच्या कायम जागेसाठी बाईंचं नाव मी हेड ऑफिसला पाठवीन. थांबलं तर विषय संपला. हातात होते सात महिने.

त्या सात महिन्यांत बाईंच्या सगळ्या सवयी मला पाठ झाल्या. बोर्डाला हात लावण्याआधी बांगड्या वर सरकवून त्यांवर रुमाल बांधायचा. सोन्याचं मंगळसूत्र कामावर आणायचंच नाही, चालू विजेत लोंबलं तर काय घ्या. म्हणून नुसत्या दोऱ्यात ओवलेले काळे मणी. सासूनं त्यावरून महिनाभर अबोला धरला, तो बाईंनी आनंदानं सोसला. जेवायला बाहेर जिन्यात बसायच्या, कारण करंजा गावच्या नणंदेकडचा सुका जवळा डब्यात असला की एअर कंडिशनर तो वास चार दिवस फिरवत ठेवायचा. देसाईसाहेब, कोकणातले असूनही, नाक दाबून जिना चढायचे. एकदा मात्र मी त्यांना त्याच जिन्यात बाईंच्या डब्यातला जवळा भाकरीशी खाताना पकडलं. दोघांनीही मला पाहिलंच नाही असं दाखवलं.

कॉम्प्युटरला त्या 'म्हातारा' म्हणायच्या. म्हाताऱ्याला पेज लागते, बिर्याणी घातली तर मरेल, हा त्यांचा पाच व्होल्टचा सिद्धांत. दुरुस्त केलेला बोर्ड त्यांनी कधी थेट मशीनला लावला नाही. एका फळीवर गाडीच्या हेडलाइटचे बल्ब बसवून घेतले होते. बोर्डानं आधी ते बल्ब तासभर पेटवायचे. बल्ब लुकलुकला नाही, बोर्ड हाताला चटका देण्याइतका तापला नाही, मीटरचा काटा हलला नाही, तरच म्हाताऱ्याच्या वाट्याला जायचं. मला कायम घाई. मी म्हणायचो, अहो बाई, लावा आता. त्या मान वर न करता म्हणायच्या, तुमाला जेवन करपलेलं चालेल, त्याला नाय चालनार.

पाचही बोर्ड त्यांनी एकेक करून उघडले. सुकलेले कपॅसिटर काढले. जुने ट्रान्झिस्टर काढून दुप्पट ताकदीचे घातले. त्यांसाठी मला तीनदा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर पिटाळलं. उष्णता जावी म्हणून ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या बसवल्या. आणि प्रत्येक बोर्डावर एक जोडणी अशी केली, की समजा कधी बोर्ड बिघडून जास्त व्होल्ट सोडू लागलाच, तर ती क्षणात आडवी पडेल, फ्यूज उडवेल आणि मशीनला काही होऊ देणार नाही. हिचं नाव बाईंनी ठेवलं राखणदार. देसाईसाहेबांना तो फाजील खर्च वाटला. तुमचा तुमच्या कामावर भरवसा नाही का, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, हाय ना, पन मी मानूस हाय. साहेबांनी मागणीपत्रावर सही केली.

शेवटचा हात म्हणून बाईंनी पाचही बोर्डांवर वार्निश फिरवलं. वर्कशॉपात तार गुंडाळून झाली की प्रत्येक गुंडाळीला वार्निश पाजायचं, म्हणजे दमट हवा आत शिरत नाही, ही चौदा वर्षांची सवय. खाऱ्या हवेवर याहून चांगला उपाय कुठला? बोर्ड पाठीला तेल लावल्यासारखे चमकत होते. त्या मला दाखवत होत्या आणि मी, गाढव, वा वा करत होतो.

तपासणीला तीन आठवडे उरले असताना, भर दुपारी, फट् असा आवाज झाला आणि मशीन मेलं.

बाईंनी मुख्य बोर्ड काढला, भिंग लावलं. दीड तास भिंगावरून डोळा काढला नाही. बोर्डावर व्होल्ट कमी-जास्त करायचा एक बारीक स्क्रू असतो, प्रीसेट म्हणतात त्याला. वार्निश झिरपत झिरपत त्याच्या आत गेलं होतं आणि आतला संपर्क तुटला होता. बोर्ड बेफाम सुटला, राखणदार आडवा पडला, फ्यूज गेला. मशीनच्या आतल्या एकाही भागाला ओरखडा नव्हता. जुना बोर्ड असता तर आमच्या सगळ्या बॅचेसच्या नोंदी त्या दिवशी राख झाल्या असत्या. बाईंनी नवा प्रीसेट घातला, बल्ब पेटवले, आणि संध्याकाळी पाचच्या आत मशीन पुन्हा चालू.

योगायोग असा, की त्याच दुपारी वसाहतीतली वीज दोनदा कमी-जास्त झाली होती. सगळ्या कारखान्यानं वीज मंडळाला शिव्या घातल्या होत्या. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले, लॉगबुक उघडलं आणि 'वीजपुरवठ्यातील बिघाड' असं लिहायला घेतलं. बाईंनी पानावर हात ठेवला. पेन मागितलं. उभ्याउभ्या, एकेक अक्षर कोरत त्यांनी लिहिलं: 'वार्निश मी लावले. ते प्रीसेटच्या आत गेले. चूक माझी. यापुढे प्रीसेट झाकून मग वार्निश लावावे.' खाली नाव.

माझा असा संताप झाला की सांगता सोय नाही. सात महिने उन्हातान्हात एसटीनं येऊन जे कमावलं ते बाई स्वतःच्या हातानं मातीत घालत होत्या. मी म्हटलं, कोणालाही कळलं नसतं. तुम्हाला ती जागा हवी आहे की नको? त्यांचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं, पण आवाज तसाच होता. "उद्या मी नसले नि दुसरा कोन आला, तो बी वार्निश लावनार. त्याला हे कोन सांगनार, सायेब?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. लहान माणसाला राग धरून बसणं सोपं जातं, आणि मी तेव्हा लहान माणूस होतो.

देसाईसाहेबांनी लॉगबुक वाचलं. पानाखाली सही केली आणि गेले. विषय संपला, असं आम्ही दोघांनीही धरलं. बाई नेहमीसारख्या येत राहिल्या. बाकीच्या चार बोर्डांवरचे प्रीसेटही त्यांनी बदलले. कोणी सांगितलं नव्हतं.

तपासणी चार दिवस चालली. म्हातारा चार दिवस मान ताठ ठेवून उभा होता. शेवटच्या दिवशी मोठे तपासनीस कॉम्प्युटर रूममध्ये आले. चेहरा असा, की आयुष्यात कशावरच विश्वास ठेवलेला नसावा. लॉगबुक मागून पानं उलटू लागले आणि त्या पानावर थांबले. बाई दाराशी हातात खोडरबर घेऊन उभ्या होत्या. तपासनिसांनी ती चार वाक्यं दोनदा वाचली आणि विचारलं की हे कोणी लिहिलंय.

देसाईसाहेब म्हणाले, "आमच्या टेक्निशियन आहेत. या इथे उभ्या आहेत."

तपासनिसांनी चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले की या मशीनच्या नोंदी मला आणखी तपासायच्या नाहीत. एवढंच. मी त्यांच्या मागोमाग चहाच्या व्यवस्थेला धावलो. परत आलो तेव्हा बाई बोर्ड पुसत होत्या, पण एकच बोर्ड, पुन्हा पुन्हा.

मे महिन्यात हेड ऑफिसची ऑर्डर आली; अट मोडली असूनही देसाईसाहेबांनी बाईंचं नाव पाठवलं होतं. कायम नोकरी. हुद्दा: हेल्पर. मी पेढे आणायला माणूस पाठवला होता. बाईंनी कागद वाचला, घडी घातली आणि देसाईसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. म्हणाल्या, तुमी पावन्यासमोर टेक्निशियन म्हटलं, मी माझ्या कानानं ऐकलं, मग कागद वेगळं कसं बोलतो? त्यापेक्षा रोजंदारी बरी. आणि गेल्या कामाला. पनवेल-उरण पट्ट्यात कायम नोकरीच्या कागदासाठी लोक देव पाण्यात घालून बसले होते आणि ही बाई तो परत करते, म्हणून सगळा कारखाना त्यांना वेड्यात काढत होता. मीही काढलं. आज सांगायला लाज वाटते.

ज्यांना मी दगड समजत होतो ते देसाईसाहेब तो कागद घेऊन स्वतः मुंबईला गेले. एकदा नाही, तीनदा. तिथे काय बोलले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पावसाळा संपता संपता दुसरी ऑर्डर आली. हुद्दा: तंत्रज्ञ. डिप्लोम्याच्या रकान्यात 'अनुभवावरून अट शिथिल' असं टाइप केलेलं. बाईंनी तो कागद या वेळी मला मोठ्यानं वाचायला लावला, ऑपरेटर पोरींना बोलावून. मी तारखेपासून सहीपर्यंत सगळा वाचला. संपल्यावर त्या म्हणाल्या, बरं, आता बारा व्होल्टवाला बोर्ड काढू द्या, जरा गरम लागतोय.

त्यानंतर म्हातारा आणखी सहा वर्षं चालला. सत्त्याण्णवच्या सुमाराला प्रत्येक टेबलावर छोटे कॉम्प्युटर आले आणि त्या कपाटाची गरज उरली नाही. देसाईसाहेब निवृत्त झाले होते. नवे मॅनेजर तरुण, हुशार, माझ्याहून घाईचे. बाहेर भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता आणि टेबलावर एक छापील फॉर्म. मशीन काढून टाकण्याचं कारण: नादुरुस्त, दुरुस्तीपलीकडे. खाली तंत्रज्ञाची सही.

बाईंनी फॉर्म वाचला आणि पेन खाली ठेवलं. मॅनेजर म्हणाले, अहो ती नुसती पद्धत आहे, सगळेच असं लिहितात, टेम्पो थांबलाय. बाईंनी मशीन चालू केलं, मुख्य बोर्डाला मीटर लावला आणि मॅनेजरना हातानं बोलावून काटा दाखवला. बरोब्बर पाच. मग म्हणाल्या, "ही माजी सही हाय, टेक्निशियनची. चालत्या मशीनला मेलेलं म्हनून ती होनार नाय."

नव्या मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात पहिल्यांदा घाई केली नाही. भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभा राहिलो. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. शेवटी मॅनेजरनी फॉर्म परत नेला आणि वीस मिनिटांनी दुसरा टाइप करून आणला. कारण: नवी यंत्रणा आल्यामुळे बंद. मशीनची स्थिती: चालू.

बाईंनी सही केली. सहीखाली, एकेक अक्षर कोरत, हुद्दा लिहिला. मग पदर खोचला, कपाटाचा मेन स्विच स्वतःच्या हातानं खाली केला आणि पट्टे घेऊन आत आलेल्या हमालांना दारातच अडवून म्हणाल्या, "जपून न्या रे. चालू मशीन हाय."